रेकॉर्ड केलेला पाऊस पाऊस का वाटत नाही?

साउंड डिझाइन, म्हणजे चित्रपट, नाटक, गेम यांच्यासाठी आवाज रचणं, शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बहुतेकदा पाऊस देतो. जुलैतली जोरदार सर, खिडकीत ठेवलेला रेकॉर्डर, पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर त्यात पाऊस सापडतच नाही. स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर वाटते, नाहीतर कुणीतरी कढईत भजी तळतंय असं वाटतं. माइक बिघडलेला नसतो. जे वाजत होतं तेच त्यानं नोंदवलेलं असतं. मग पाऊस गेला कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता साउंड डिझाइनचा बराच मोठा भाग उलगडतो. म्हणून प्लगइनच्या याद्या आणि माइकच्या किमती बाजूला ठेवून आधी पावसाकडेच बघू.

माइकला निवडता येत नाही

एसटी स्टँडवर मित्राशी बोलताना आपल्याला त्याचं बोलणं नीट कळतं. त्याच वेळी इंजिनं धडधडत असतात, लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं पुकारली जात असतात, कुणी पाण्याच्या बाटल्या विकत असतं. हे सगळं कानात शिरतंच, पण मेंदू त्यातलं हवं तेवढं पुढे घेतो आणि बाकीचं मागे ढकलतो. या कामात त्याला दोन कानांची मोठी मदत होते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तरी तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. शिवाय डोळे असतात: मित्राचे ओठ हलताना दिसतात.

त्याच जागी मोबाइल धरून रेकॉर्ड केलं तर मित्राचं बोलणं बाकीच्या गोंगाटात बुडून जातं. माइक हवेच्या दाबातले चढउतार मोजतो, यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं. पावसाचंही असंच होतं. खिडकीत उभं असताना सरी दिसतात, तुषार अंगावर येतात, मातीचा वास येतो, आणि या सगळ्यासकट आपण ‘पाऊस ऐकला’ असं म्हणतो. रेकॉर्डिंगमध्ये यातलं फक्त दाबाचे चढउतार एवढंच उरतं.

साउंड डिझायनरचं काम नेमकं इथे सुरू होतं. खऱ्या जागी ऐकणाऱ्याच्या मेंदूनं जी निवड केली असती, ती त्यानं आधीच करून ठेवायची असते. कुठला आवाज पुढे, कुठला मागे, कुठला अजिबात नको. शिकायची गोष्ट ही निवड आहे. सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत हाताला बसतं. निवड करायला शिकायला वेळ लागतो, आणि त्याला दुसरा उपाय नाही.

पावसाला जागा द्या

हवेतून खाली येणाऱ्या थेंबाला जवळजवळ आवाज नसतो. तो कशावर तरी आपटतो तेव्हा आवाज होतो. म्हणजे आपण ऐकतो ते पत्र्याचं कंपन, कौलांचा ठोका, केळीच्या पानावरची थाप, छत्रीच्या ताणलेल्या कापडाची टपटप. साचलेल्या पाण्यात थेंब पडल्यावर जो ‘टिप्’ असा स्वच्छ आवाज येतो तो तर पाण्याच्या आपटण्याचाही नसतो. थेंबासोबत पाण्याखाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, तो कंप पावतो आणि तो वाजतो.

एकेक थेंब असा वेगवेगळ्या स्वभावाचा असतो. पण सेकंदाला हजारो थेंब एकदम आपटू लागले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत. सगळ्या कंप्रता, म्हणजे खालच्या जाड सुरांपासून वरच्या बारीक सुरांपर्यंतचं सगळं, एकत्र मिसळतं आणि सलग खरखर तयार होते. रेडिओच्या खरखरीतही हेच घडत असतं, म्हणून दोन्ही सारखे वाटतात.

आता उपाय. समजा, प्रसंग कोकणातल्या कौलारू घराच्या पडवीतला आहे. आपण तीन थर करू. पहिला लांबचा: अंगणापलीकडच्या झाडांवरचा सलग पाऊस, वरचे बारीक सूर थोडे कापलेले, आवाज कमी. दुसरा मधला: कौलांवरून खाली दगडावर पडणाऱ्या पागोळ्या. तिसरा अगदी जवळचा: पडवीत ठेवलेल्या घमेल्यात मधूनच पडणारा एकच थेंब, आणि तोही ठरावीक अंतरानं नाही. या तिन्हींत सर्वांत जास्त काम तो एकटा थेंब करतो. कानाला तो ओळखू येतो, आणि तो ओळखला की मागची सगळी खरखर पाऊस म्हणून मान्य होते. खात्री करायची असेल तर तो थर बंद करून ऐका. पाऊस पुन्हा भजी तळायला लागेल.

मला या उदाहरणातली खरी मजेची गोष्ट पुढे वाटते. ते घमेलं पडवीऐवजी घरात ठेवलं, तर घर गळतंय. थेंब पितळी पातेल्यात पडतोय की प्लॅस्टिकच्या बादलीत, यावरून घराची परिस्थिती आणि काळ दोन्ही कळतं. लांबच्या थराचे वरचे सूर पूर्ण कापले आणि पागोळ्या काढून टाकल्या, तर पात्र बंद खिडकीच्या आत, कोरड्यात आहे. एकही संवाद नाही, एकही सूर नाही, आणि गोष्ट पुढे सरकली. क्रिएटिव्ह साउंड डिझाइन म्हणतात ते हेच. विचित्र, भव्य, परग्रहावरचे आवाज काढणं हा त्यातला एक लहान कोपरा आहे.

लांबचा आवाज आणि हळू आवाज

विद्यार्थ्यांच्या कामात सर्वांत जास्त दिसणारी गफलत अंतराची असते. आवाज लांबून यायला हवा म्हणून फेडर, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करणारी सरकती कळ, खाली ओढला जातो. त्यानं आवाज लांब जात नाही, तिथेच राहून बारीक होतो.

गणेशोत्सवात ढोल-ताशा पथक लांबून येत असतं तेव्हा काय ऐकू येतं ते आठवा. आधी नुसती ढोलाची धमधम येते. ताशाची तडतड कुठेच नसते. पथक कोपऱ्यावर वळलं की ताशा एकदम उघडा पडतो, आणि समोरून जाताना काठीच्या प्रत्येक ठोक्याची धार कानाला टोचते. याचं कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १०० हर्ट्झच्या जाड सुराची एक लहर म्हणून जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तर ५००० हर्ट्झच्या बारीक सुराची जेमतेम ७ सेंटिमीटर. लांब लहरी इमारतींना वळसा घालून येतात, आखूड लहरी अडतात. शिवाय हवाही बारीक सूर जास्त शोषते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं उतरते, हे खरंच आहे. पण कान अंतर ओळखताना फक्त पातळी बघत नाही. वरचे सूर किती उरलेत आणि बारीकसारीक तपशील ऐकू येतोय का, हे तो बघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरळ आलेला आवाज किती आणि भिंतींवर आपटून आलेला किती, याचं प्रमाण तो बघतो. जवळच्या माणसाचं बोलणं बहुतेक सरळ येतं. लांब पॅसेजच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या बोलण्यात भिंतींचाच भाग जास्त असतो. म्हणून एखादा आवाज लांब ठेवायचा तर तीन गोष्टी करायच्या: ईक्यूनं (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं) वरचे सूर उतरवायचे, रिव्हर्ब (भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची घुमणूक) वाढवून मूळ आवाज कमी करायचा, आणि मग शेवटी फेडर.

रिव्हर्ब समजून घ्यायला सॉफ्टवेअर लागत नाही. जिन्यात, स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, गोधड्यांनी भरलेल्या कपाटासमोर आणि मोकळ्या मैदानात एकेक टाळी वाजवा आणि टाळी संपल्यानंतर काय उरतं ते ऐका. १७ मीटरवर मोठी भिंत असेल तर आवाज तिथे जाऊन यायला ०.१ सेकंद घेतो आणि वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येऊ लागतो. भिंती जवळ असतील तर मूळ आवाज आणि परतलेला आवाज एकमेकांत मिसळतात, आणि आपल्याला वेगळा प्रतिध्वनी न ऐकू येता ‘खोली’ ऐकू येते.

घंटेचं डोकं कापलं तर

१९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाडीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून एक रचना केली. वाद्य न वापरता, जगातल्या आवाजांचे तुकडे जोडून केलेल्या संगीताची ती सुरुवात मानली जाते. त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक विद्यार्थ्यांनी आजही करून बघावा असा आहे. त्यांनी घंटेचा आवाज घेतला आणि त्याचा सुरुवातीचा ठोकाच वगळला. मागे उरलेला नाद घंटेचा वाटेना.

आवाज ओळखण्यासाठी कान पहिल्या काही मिलिसेकंदांवर फार विसंबून असतो, हे यातून कळतं. प्रत्येक आवाजाला एक आकार असतो: तो कसा उठतो, किती लवकर खाली बसतो, किती वेळ टिकतो आणि कसा विरतो. सिंथेसायझरवर या चार टप्प्यांना अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज अशी नावं आहेत, पण तो आकार स्टीलच्या ताटातही असतो आणि दारातही. ताटावर चमचा मारून रेकॉर्ड करा, पहिलं ०.१ सेकंद कापा आणि उरलेला भाग हळूहळू वर येईल असा करा. कुठल्यातरी काचेच्या वाद्याचा भास होतो. तोच तुकडा उलटा लावला की आवाज फुगत येऊन अचानक तुटतो. निम्म्या वेगानं लावला तर तो एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो, आणि ताटाची मोठी घंटा होते.

ऐकताना हा आवाज कशाचा आहे हे थोडा वेळ विसरायचं, असा शेफर यांचा आग्रह होता. सुरुवातीला हे जड जातं. रोज एक आवाज निवडून त्याचं वर्णन वहीत लिहिलं की सवय होते. खणखण, किणकिण, सळसळ, चुरचुर, भसभस, करकर असे कितीतरी शब्द त्यासाठी तयार आहेत. वस्तूचं नाव मात्र त्या वर्णनात लिहायचं नाही.

हाड मोडायला मुळ्याची जुडी

आता चित्राकडे येऊ. पडद्यावर एक गोष्ट घडली आणि त्याच क्षणी एक आवाज आला, तर मेंदू दोन्हींची गाठ बांधून टाकतो. आवाज दुसऱ्याच वस्तूचा असला तरी त्याची हरकत नसते. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी यावर विस्तारानं लिहिलं आहे, आणि फोली ही सगळी कला याच गाठीवर उभी आहे. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात चित्र बघत बघत पावलं, कपडे, वस्तू यांचे आवाज करणाऱ्या जॅक फोली यांच्यावरून तिला हे नाव पडलं.

गाठ बसायला वेळ अचूक लागते, आणि इथे एक फार उपयोगी गोष्ट आहे. आवाज चित्राच्या आधी आला तर लगेच खटकतो, थोडा उशिरा आला तर खपून जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत ही मर्यादा साधारण अशी दिली आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं, उशीर मात्र १२५ मिलिसेकंद होईपर्यंत लक्षात येत नाही. चित्रपटाची एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते, यावरून हिशेब लावा. निसर्गात प्रकाश नेहमी आधी पोहोचतो आणि आवाज मागून येतो. क्रिकेटच्या मैदानात ७० मीटरवरून बॅटचा ठोका ०.२ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. उलटं कधी घडत नाही, म्हणून ते सहन होत नाही. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम उशिरा येऊ द्या, आधी कधीच नको.

फोलीचं साहित्य स्वयंपाकघरात आणि अडगळीच्या खोलीत मिळतं. हाड मोडण्यासाठी परदेशी स्टुडिओत सेलरीची जुडी पिळतात. आपल्याकडे मुळे आणि गाजरं तेवढंच चांगलं काम करतात. कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबली की बर्फावरची पावलं. जुन्या कॅसेटमधली फीत काढून तिचा गुंता पायाखाली घेतला की गवत. हातमोजे झटकले की पक्ष्याचे पंख. यात मोलाची असते ती पावलांची तालीम. टाच आणि चवडा यांच्यामधलं अंतर, थकलेल्या माणसाचं पाय ओढणं, करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणेचा रुबाब आणि रबरी स्लिपरची चटक-पटक ही सगळी अभिनयाचीच कामं आहेत. फोली करणारा माणूस त्या पात्राच्या चालीत चालतो. अंगाला न शोभणारी चाल माइकलाही कळते.

पावलांचीच आणखी एक बाब. अमेरिकन ध्वनिसंपादक वॉल्टर मर्च यांच्या लक्षात आलं की एका माणसाची पावलं चित्राशी जुळवावीच लागतात, दोघांचीही लागतात, पण तिघं चालू लागले की प्रेक्षक जुळणी तपासणं सोडून देतो आणि ‘माणसं चालतायत’ एवढंच ऐकतो. एका वेळी दोन-अडीच गोष्टींपेक्षा जास्त स्वतंत्रपणे ऐकता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. चाळीस ट्रॅकची टाइमलाइन बघून अभिमान वाटू लागला की हा निष्कर्ष आठवावा. त्या क्षणी ऐकणाऱ्यानं धरायचे दोन आवाज कोणते, हे सांगता येत नसेल तर मिक्स कितीही भरगच्च असला तरी ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नाव सोडा, वागणूक पकडा

जे अस्तित्वातच नाही त्याला आवाज कुठून आणायचा? ‘स्टार वॉर्स’ या १९७७च्या चित्रपटात बेन बर्ट यांना हेच करायचं होतं. प्रकाशाच्या तलवारीसाठी त्यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या संचातून माइकमध्ये शिरलेला गुरगुराट एकत्र केला. तलवार फिरताना वाटावी म्हणून तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्यासमोर माइक हातानं हलवला. लढाऊ यानासाठी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी घेतली. बंदुकीच्या प्रकाशझोतासाठी रेडिओ टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडा मारला.

तारेचंच का? ताठ तारेत बारीक सूर जाड सुरांपेक्षा वेगानं धावतात. त्यामुळे एकच ठोका दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत विस्कटतो, आधी वरचे सूर आणि मागून खालचे, आणि ‘प्यूं’ असा घसरता आवाज होतो. हा प्रयोग घरी करायला पायऱ्यांवरून उतरणारं स्प्रिंगचं खेळणं घ्या, त्याच्या वरच्या टोकाला कागदी पेला बसवा, खाली लोंबतं सोडा आणि पेन्सिलनं टिचकी मारा. विजेच्या खांबाच्या ताणाला मात्र कुणी हात लावू नका.

हत्ती आणि यान यांचा काही संबंध नाही. पण मोठ्या, रागावलेल्या, वेगानं अंगावर येणाऱ्या गोष्टीची वागणूक त्या चीत्कारात आहे. आवाज शोधताना लायब्ररीत ‘यान’ असं टाइप करण्याऐवजी ही गोष्ट जड आहे की हलकी, कोरडी की ओली, नवी की गंजलेली, जिवंत की यंत्रासारखी, हे आधी लिहून काढलं तर उत्तर भलत्याच ठिकाणी सापडतं. गंजलेल्या बिजागरीचा आवाज कमी वेगानं लावला की राक्षस बोलू लागतो. वेग फारच उतरवायचा असेल तर ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९६,००० नमुने घेत, रेकॉर्ड करावं. माणसाला २०,००० हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, पण माइकनं तिथलं काही टिपलं असेल तर वेग उतरवल्यावर ते ऐकू येण्याच्या पट्ट्यात खाली येतं आणि आवाज मळकट होत नाही.

संगीत काढून घेतल्यावर

पुण्यात ज्या आवारात आज एफटीआयआय या चित्रपट-शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइन शिकतात, ते एकेकाळी प्रभात फिल्म कंपनीचं होतं. कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून इथे आली आणि इथेच व्ही. शांताराम यांनी १९३७मध्ये ‘कुंकू’ केला. म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मान्य करायला नकार देते, ही त्याची कथा. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि चित्रपट म्हणजे गाणी आणि वाद्यमेळ हे समीकरण पक्कं झालं होतं. शांताराम यांनी पार्श्वसंगीताला फाटा दिला आणि प्रसंगातले, घरातले आवाज कामाला लावले. काकासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ त्या घरात उरलेल्या वेळाचं आणि वयाचं ओझं वाहतं.

हे मी इतिहासाच्या अभिमानापोटी सांगत नाही, अभ्यास म्हणून सांगतो. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत भावनेची जबाबदारी बहुतेक वेळा पियानोच्या दोन सुरांवर टाकलेली असते. संगीत काढून घेतलं की घड्याळ, पंखा, शेजारच्या घरातला टीव्ही, कुकरची शिटी यांना काहीतरी करावंच लागतं. पंखा बंद झाल्यावर खोलीत जी पोकळी जाणवते ती कुठल्याही वाद्यापेक्षा जास्त अंगावर येते. पण पंखा आधी पुरेसा वेळ, लक्षात न येईल असा, चालू ठेवलेला असला तरच. शांतता अशी आधीपासून बांधत आणावी लागते. कोरी टाइमलाइन ही शांतता नसते; तिथे प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणूनच कुठल्याही जागी रेकॉर्डिंग संपवताना सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा एक मिनिटाचा रूम टोन, म्हणजे कुणी काही करत नसताना तिथे असणारा आवाज, घेतात.

साहित्य, आणि आपल्या गावचे पक्षी

सुरुवातीला मोबाइल, बंद कपांचे बरे हेडफोन आणि एक सॉफ्टवेअर पुरतं. ऑडॅसिटी मोफत आहे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि त्याचा परवाना स्वस्त आहे. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स चालतं, ते पुढे शिकता येईल. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट हे माप ठेवा. रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या; तिथे शून्य ही वरची हद्द असते. शून्याला धडकून फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ आवरण लागतं, फोम बाहेर पुरत नाही. फाइलला नाव देताना वस्तू, कृती, जागा आणि तारीख लिहा. ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ पुन्हा कधीच सापडत नाही. आणि कान जपा: ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागेची नेहमीची मर्यादा मानतात, आणि पातळी ३ डेसिबलनं वाढली की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो.

तयार आवाजांसाठी फ्रीसाउंड हा बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठानं २००५मध्ये सुरू केलेला संग्रह उत्तम आहे. प्रत्येक आवाजाचा परवाना मात्र वेगळा असतो. काही पूर्ण मोकळे, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामात चालत नाहीत. डाउनलोड करतानाच ते नोंदवून ठेवा.

माझा आग्रह मात्र असा की पहिला संग्रह स्वतः रेकॉर्ड केलेला असावा. बाजारातल्या लायब्ररींचा मोठा भाग युरोप-अमेरिकेत रेकॉर्ड झालेला आहे. मग साताऱ्यातल्या सकाळी परदेशी पक्षी बोलतात आणि रस्त्यावर परदेशी सायरन वाजतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण जागा पटत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी तांबटाचं संथ टुक-टुक असतं, भारद्वाजाचा खोल घुमणारा आवाज असतो, माळावर रात्री टिटवी ओरडते, पाऊस जवळ आला की पावशा सुरू होतो. डिसेंबरच्या प्रसंगात कोकिळेची तान टाकली तर गावाकडचा प्रेक्षक तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो. आपल्या परिसराचे ऋतूंनुसार घेतलेले आवाज कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, आणि त्यातले काही थोड्या वर्षांत ऐकूही येणार नाहीत. ते टिपणं हे शिकणाऱ्यांच्या हातून होऊ शकणारं मोलाचं काम आहे.

शिक्षणसंस्था हवी असेल तर पुण्याची एफटीआयआय (स्थापना १९६०) आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था (१९९५) इथे ध्वनीचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या तिघांच्या चमूतले रसूल पुकुट्टी एफटीआयआयचेच. पण कॉलेजात असाल तर एकांकिकेचा ध्वनी सांभाळायला मागा. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत आवाज रंगमंचावर त्या क्षणी, नटाच्या श्वासाबरोबर सोडावा लागतो आणि चूक तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकू येते. गेम्सकडे कल असेल तर एफमॉड किंवा वाइज ही गेममध्ये आवाज बसवायची सॉफ्टवेअर उघडून बघा. तिथे एकच पाऊल हजारदा वाजतं, म्हणून एका पावलाचे आठ-दहा नमुने करून ते पिचमध्ये, म्हणजे सुराच्या उंचीत, किंचित फरक करत उलटसुलट वाजवावे लागतात, नाहीतर कान यंत्र ओळखतो.

आता एक काम. एक मिनिटाची ध्वनिगोष्ट करा: संवाद नाही, संगीत नाही, सगळे आवाज तुम्हीच रेकॉर्ड केलेले. एक माणूस एका जागेतून दुसऱ्या जागेत जातो आणि त्याचं मन बदलतं, एवढीच गोष्ट. आधी कागदावर लिहा की दर दहा सेकंदांनी ऐकणाऱ्यानं कुठले दोन आवाज धरावेत. झाली की साउंडशी संबंध नसलेल्या कुणालातरी, आईला, मावशीला, शेजारच्या काकांना, डोळे मिटून ऐकवा. आधी काही सांगू नका. ऐकून झाल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका, ‘काय दिसलं?’ असं विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. जागा ओळखली पण माणूस नाही ओळखला, तर पावलं आणि कपडे पुन्हा करा. माणूस ओळखला पण जागा नाही, तर लांबचा थर पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्ही ओळखलं पण बदल कळला नाही, तर कुठला आवाज बंद करायचा राहून गेला ते शोधा.